कडेची म्हैस

आठवडाभर मी हाडांचे फोटो काढते.
पोवई नाक्याच्या मागं, एक्स-रे सेंटरात.
श्वास घ्या, धरा, हलू नका, सोडा.
दिवसातून साठ वेळा, भिंतीआडून.

रविवारी चाळकेवाडीच्या सड्यावर
तोच श्वास मी स्वतः धरते,
पालथी पडून, कोपरं ओल्या कातळावर,
नाकासमोर सीतेची आसवं.

भिंग जुनं आहे. कोरेगावच्या शिराज मुलाण्यांचं.
त्यांनी लग्नं सोडली तेव्हा विकलं.
"ताई, यानं अख्खे मांडव एका घासात गिळलेत,
पंगतीसकट, आचाऱ्यासकट.
फुलांना कशाला हे?
फुलांना जवळचं बघणारं घ्या की."

बरोबर होतं त्यांचं.
या भिंगाला लांबून फूल दिसतच नाही.
चार बोटांवर जावं लागतं,
इतकं की आधी माझीच सावली फुलावर पडते,
मग काचेवर धुकं बसतं,
मग ओढणीचं टोक शोधा, पुसा,
तोवर वारा फूल हलवून मोकळा.

पण एखादे वेळी जमतं.
भाताच्या दाण्याएवढं जांभळं फूल
आभाळ अडवून उभं राहतं
आणि मागच्या पवनचक्क्या
उशीत खोचलेल्या टाचण्या होतात.

फक्त वगळता काही येत नाही.
माझ्या बुटाचं टोक येतं,
कुणीतरी टाकलेलं कुरकुऱ्यांचं पाकीट येतं,
आणि त्या दिवशी, डाव्या कडेला,
म्हाकू कोकऱ्यांची म्हैस आली,
रबरासारखी ताणलेली,
शिंगं एका गावात, शेपूट दुसऱ्या.

तसाच टाकला नेटवर.
फुलाचं नाव लिहिलं, सड्याचं नाही.
सत्तावीस जणांनी विचारलं, लोकेशन?
मी म्हटलं, सातारा जिल्हा.
एकानं लिहिलं, लबाड.
बरोबर होतं त्याचंही.
पण मागच्या साली मी खरं सांगितलं होतं
आणि पुढच्या रविवारी त्या कातळावर
गाड्यांच्या चाकांची नक्षी होती.

तीन आठवड्यांनी, पहाटे पावणेसहाला,
इस्लामपूरच्या मावशीनं घरच्या ग्रुपवर फूल पाठवलं.
ओळखायला वेळ लागला.
पवनचक्क्या नव्हत्या. म्हैस नव्हती.
कापून कापून चौकोनी केलेलं,
रंग उपसून जांभळ्याचं गुलाबी केलेलं,
आणि सीतेच्या आसवांवर सोनेरी अक्षरांत:
शुभ सकाळ, सदैव हसत राहा.

मावशी, हा माझा फोटो आहे, मी लिहिलं.
तिनं हात जोडले. मग लिहिलं,
अगं, तुझा कसा? मला तर नांदेडहून आला.

दिवाळीनंतर मूळ फोटो मोठा छापून घेतला,
काही न कापता, पाकिटासकट,
आणि सड्यावर गेले.
गवत पिवळं पडलेलं, कातळ कोरडा ठणठणीत,
फुलांचा मागमूस नाही.
म्हाकूआबा खोपटापुढं दाव्याला पीळ घालत होते.

फोटो त्यांनी आधी उलटा धरला, मग सुलटा.
"हे कसलं झाड म्हणायचं, एवढं थोरलं?"
सीतेची आसवं, आबा. पाण्याच्या डबक्यात असतात ती.
"छ्या. ती तर म्हशीच्या खुरात मावत्यात."
मग बोट डावीकडं सरकत गेलं
आणि कडेशी थांबलं.

"ही भुरी."
बराच वेळ काही नाही.
चक्कीचं एक पातं वर, एक खाली.
"गेली की गं. दसऱ्याच्या आदल्या दिशी."

उजव्या पंज्यानं त्यांनी
फूल पुरतं झाकून टाकलं,
म्हैस नीट दिसावी म्हणून.
डाव्या हातानं ती वितीनं मोजली,
शिंगापासून शेपटापर्यंत.

"लई ताणलीस हिला.
एवढी लांब नव्हती."
पुन्हा मोजली.
"असू दे."